बॅश शेलमध्ये जादा बिल्टइन (शेलच्या आतलीच कमांड) लोड होत नाहीये, मदत हवी आहे

खटपट्या: स्लीप ही थांबायची कमांड बिल्टइन म्हणून हवीय. बॅशच्या सोर्समधल्या एक्झाम्पल्स/लोडेबल्स फोल्डरमध्ये मेक मारला (कंपाइल केलं), स्लीपची फाइल तयार झाली. 'इनेबल -एफ स्लीप स्लीप' दिलं की शेअर्ड ऑब्जेक्ट (म्हणजे तीच लोड करायची फाइल) उघडता येत नाही म्हणतंय. अरे, फाइल समोर दिसतेय! आज संपवायचंय हे.

अर्धविराम: व्हर्जन कुठलं? ओएस? एररची पूर्ण ओळ टाक.

जुनाटर्मिनल: नावात स्लॅश नसला की बॅश चालू फोल्डर बघेलच असं नाही, 'बॅश_लोडेबल्स_पाथ'मध्ये शोधतो. डॉट-स्लॅश (म्हणजे चालू फोल्डर) लावून दे.

झेडशेलकर: बॅश सोडा, झेडशेल हा दुसरा शेल घ्या. झेडमॉडलोडने झेडसिलेक्टचं मॉड्यूल लोड करून झेडसिलेक्ट -टी द्या, झाला स्लीप. कंपाइलची कटकटच नाही.

अर्धविराम: प्रश्न बॅशचा आहे हो.

निवांत: एवढा खटाटोप कशाला? 'रीड -टी 0.1' बिल्टइनच आहे, इनपुटची वाट बघत तेवढे सेकंद थांबतो.

जुनाटर्मिनल: आणि लूप फाइल वाचत असला तर? रीड तिच्यातलीच ओळ गिळेल, थांबणार पण नाही.

निवांत: मग रीडला वेगळा डिस्क्रिप्टर (इनपुटची वेगळी वाट) द्यायचा! माझं मस्त चालतं.

खटपट्या: डॉट-स्लॅश लावला, आता 'अनडिफाइन्ड सिम्बॉल'. उबुंटू आहे.

जुनाटर्मिनल: सोर्स 5.3 चा आणि चालू बॅश त्याहून जुना, असं असणार. लोडेबल (असा बाहेरून लोड केलेला बिल्टइन) चालू बॅशच्या आतले सिम्बॉल, म्हणजे फंक्शन-व्हेरिएबलची नावं, वापरतो, तिथे नसतील तर अडकणारच. 'बॅश_व्हर्जन' छापून बघ आणि तेवढ्याच व्हर्जनच्या सोर्सवर बांध. नाहीतर 'बॅश-बिल्टइन्स' पॅकेज टाक, हेडर (कंपाइलला लागणाऱ्या फाइल्स) त्यात येतात.



खटपट्या: पॅकेजने झालं. 'टाइप स्लीप' आता शेल बिल्टइन म्हणतंय. पण स्क्रिप्टमध्ये 'इनेबल: नॉट फाउंड'! लूपमध्ये हजारो वेळा स्लीप आहे, दरवेळी नवी प्रोसेस नकोय म्हणून तर हे सगळं.

अर्धविराम: स्क्रिप्टची पहिली ओळ काय आहे?

खटपट्या: नेहमीचीच, /बिन/एसएच.

अर्धविराम: उबुंटूवर तो डॅश नावाचा वेगळा शेल असतो बाबा, त्यात इनेबल नाहीच. हे आधी सांगायचंस ना!

जुनाटर्मिनल: /बिन/बॅश कर. आणि इनेबलची ओळ स्क्रिप्टमध्येच टाक, पूर्ण पाथ देऊन. टर्मिनलमध्ये लोड केलेलं स्क्रिप्टच्या नव्या बॅशकडे जात नाही.

झेडशेलकर: झेडशेलमध्ये...

खटपट्या: चाललं. आता फिनफो (फाइलची माहिती देणारा लोडेबल) पण बांधतो.