डीसी ब्रेकरमधला जुना खटका आता काढावा का?

तारेखालचा: विजेच्या रेल्वेगाड्यांतल्या हाय-स्पीड ब्रेकरमध्ये (शॉर्ट झाला की डीसी करंट झटकन तोडणारा स्विच) अजून तीच जुनी रचना दिसते. मुख्य पट्टी लोखंडी चौकटीतून जाते, करंट सेटिंगपलीकडे गेला की आर्मेचर, म्हणजे लोखंडाचा हलता तुकडा, खेचलं जातं आणि खटका सुटतो. चुंबकक्षेत्रावरून करंट मोजणारा हॉल सेन्सर असताना हे कशाला? सेन्सरमुळे करंट किती आहे आणि किती वेगाने चढतोय, दोन्ही कळतं. काढून टाका खटका.

जुना_फिटर: खटक्याला पुरवठा लागत नाही. सेन्सरला लागतो.

तारेखालचा: पुरवठा गेला तर ब्रेकरचे संपर्क जोडून धरणारी होल्डिंग कॉइल सुटते आणि ब्रेकर उघडतोच, म्हणजे करंट तुटतोच की!

जुना_फिटर: बरं, हे मान्य. पण पुरवठा शाबूत आहे आणि सेन्सरच मेलाय, तर? सेन्सरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड 'शून्य' सांगतंय. गाडी उभी आहे म्हणून शून्य, की सेन्सर गेला म्हणून? आणि तुझं सॉफ्टवेअर विचार करेपर्यंत वेळ जातो तो वेगळाच. १५०० व्होल्ट, वाटेत १ मिलीहेन्री इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) धर. शॉर्ट झाल्यावर करंट सुरुवातीला दर मिलिसेकंदाला १५०० अँपिअरने चढतो. डीसीत करंट आपणहून शून्यावर येत नाही, ठिणगी ताणूनच विझवावी लागते. दोन मिलिसेकंद उशीर म्हणजे तीन हजार अँपिअर जास्त तोडायचे.

अर्धवट_इंजिनिअर: मधेच विचारतो, एसीसारखा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) का नाही लावत?

जुना_फिटर: स्थिर करंटला सीटीच्या दुय्यम कॉइलमध्ये काहीच उमटत नाही. शंट, म्हणजे करंटच्या वाटेतला मोजणीचा छोटा रेझिस्टन्स, चालतो, पण ६० मिलीव्होल्टचा शंट हजार अँपिअरला ६० वॅट तापतो, आणि बसतो थेट तारेच्या व्होल्टेजवर.

तारेखालचा: वेगाचा मुद्दा पटला. पण खटका आंधळा आहे त्याचं काय? सबस्टेशन लांब असेल तर वाटेतल्या रेझिस्टन्समुळे शॉर्टचा करंटही सेटिंगखालीच राहू शकतो. शिवाय वरून आलेला आणि चाकांतून परत गेलेला करंट यांची वजाबाकी केली, तर बारीक गळतीही सापडते. हे लोखंडाच्या चौकटीला कधी जमणार?

जुना_फिटर: त्यासाठी सेन्सर ठेव ना, मी कुठे अडवतोय? खटका काढू नको, एवढंच. आणि मोठा फॉल्ट येऊन गेला की सेन्सरच्या गाभ्यात चुंबकत्व उरतं, शून्यालाही चार-दोन अँपिअर दाखवतो. तुझ्या वजाबाकीत तीच गळती दिसणार.

तारेखालचा: ब्रेकर उघडा असताना शून्य तपासून घ्यायचं.

जुना_फिटर: आणि तो खरंच उघडलाय, हे कोण सांगणार? आणखी एक सेन्सर?