जुना लॅपटॉप थेट मालकाकडून घेताना अर्ध्या तासात काय तपासावं?

प्रश्न: वापरलेला लॅपटॉप घ्यायचाय. मालक म्हणतो, फॉरमॅट करून ठेवलाय, चालू करून बघा. अर्धा तास मिळेल. काय बघू? आणि पैसे कधी द्यायचे?

उत्तर १: वेग नंतर बघा, आधी कुलपं बघा. चालू करतानाच एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरा (मॉडेलनुसार बटण बदलतं). पासवर्ड मागितला आणि मालकाला तो येत नसेल, तर व्यवहार सोडा. बिझनेस मॉडेल्समध्ये मदरबोर्डवरची छोटी बॅटरी काढूनही हा पासवर्ड सहसा जात नाही. बायोसमधला सिरियल नंबर बुडाच्या स्टिकरशी आणि बिलाशी जुळवा.

'फॉरमॅट केलाय' यावर विसंबू नका. समोर रीसेट करायला लावा आणि सेटअपमध्ये तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. एखाद्या संस्थेच्या नावाचं लॉगिन पान आलं, तर मशीन ऑफिसचं आहे. ती नोंद सर्व्हरवर असते, फॉरमॅटने पुसली जात नाही. नेट न जोडता सेटअप उरकला की हे दिसतच नाही. मॅक असेल तर ॲक्टिव्हेशन लॉक (मशीन मालकाच्या ॲपल खात्याशी बांधणारं कुलूप) मालकाने तुमच्यासमोरच काढायला हवा.

उत्तर २: बॅटरीही बघा. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ५०,००० आणि फुल चार्ज (आत्ताची क्षमता) ३१,००० दिसली, म्हणजे ६२ टक्केच उरली. हा आकडा कधी कधी फसवतो, म्हणून चार्जर काढून पंधरा मिनिटं व्हिडिओ लावा. टक्के एकदम कोसळले तर बॅटरी बदलायचा खर्च धरून भाव करा. सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतोय किंवा टचपॅड वर उचलला गेलाय? बॅटरी फुगलीये, हात लावू नका.

हार्ड डिस्क असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५ आणि सी५ या ओळींच्या (डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयास्पद जागांची मोजणी) रॉ व्हॅल्यू शून्यच हव्यात.

उत्तर ३: प्रोसेसरही विचारा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ साठी चालणाऱ्या प्रोसेसरच्या अधिकृत यादीत नाहीत.

प्रश्नकर्ता: मालक म्हणतो बिल हरवलंय, आणि थोडा ॲडव्हान्स मागतोय.

उत्तर १: ॲडव्हान्स नको. तपासणी झाल्यावर तिथेच पूर्ण पैसे द्या. सिरियल नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या असलेली पावती करून घ्या. ही लिहून द्यायला टाळाटाळ झाली, तर बिल खरंच हरवलंय असं मी धरणार नाही. घरी आणल्यावर स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाका, मगच बँकेचं लॉगिन करा.