‘वहिवाट’ म्हणजे ताबा की पायवाट?

खाडीकाठ: गुहागरला आत्याकडे वकिलाची इंग्रजी नोटीस आलीय. तिला नीट समजावी म्हणून मराठी करतोय. जमीन कोणाच्या हातात आहे, हे सांगताना मी ‘वहिवाट’ लिहिलं. आत्याने लगेच अडवलं. म्हणाली, "वहिवाट म्हणजे जाण्यायेण्याची वाट. मी आगरात राहते, वाटेवर नाही राहत." पण आमच्या जुन्या वाटपपत्रात ‘सदर ठिकाण वडिलांच्या वहिवाटीत आहे’ असं स्वच्छ लिहिलंय. मग ताबा, कब्जा, भोगवटा यातलं काय लिहू?

जुना_दस्त: आत्याही बरोबर, वाटपपत्रही बरोबर. चालत आलेला वापर म्हणजे वहिवाट, मग तो जमीन कसण्याचा असो की शेजाऱ्याच्या बेड्यातून विहिरीवर जाण्याचा. कायद्यात मात्र दोन्ही प्रकरणं पार वेगळी. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क हा सुविधाधिकार. १८८२ च्या कायद्यात, कलम १५ प्रमाणे, वीस वर्षं उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि अखंड वापर दाखवावा लागतो. तो सिद्ध झाला तरी जमीन शेजाऱ्याचीच, तुम्हाला फक्त चालायला मिळतं. तुमच्या नोटिशीत ‘ताबा’ लिहा.

चिरेबंदी: सिंधुदुर्गात ‘जमीन आमच्या वहिवाटीत आसा’ असंच म्हणतात, आणि त्याचा अर्थ आम्ही कसतो एवढाच. पायवाटेला आम्ही पाणंद किंवा पाखाडी म्हणू.

शब्दनिष्ठ: ‘कब्जा’ अरबी आहे, शिवाय त्यात बळजबरीचा वास येतो. ‘भोगवटा’ हा अस्सल आपला शब्द असताना दुसरीकडे का जायचं?

तलाठी_सजा: कारण ‘भोगवटा’ लिहिलंत तर घोटाळा होईल. सातबारा उघडून बघा, त्यावर ‘भोगवटादाराचे नाव’ असतं आणि वर्ग १, वर्ग २ असतं. शासनाकडून धारण केलेली जमीन, असा त्यामागचा हिशेब आहे. महसुलातला तो ठरलेला शब्द आहे, साध्या ताब्यासाठी वापरू नये. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. सातबारावर नाव लागलं म्हणजे मालकी आली, ही समजूत कोकणात घराघरात आहे. १९६६ च्या महसूल संहितेच्या कलम १५७ ने नोंद खरी धरली जाते, पण उलट पुरावा येईपर्यंतच. नुसत्या फेरफाराने, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीने, मालकी तयार होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. खरेदी असेल तर नोंदणीकृत दस्त बघा, वारसा असेल तर वारस बघा.

शब्दनिष्ठ: मुद्दा मान्य. तरी शब्द शासनाच्या मालकीचा नाही.

चिरेबंदी: ‘हक्क’ अरबी, ‘मालक’ अरबी, ‘जमीन’ फारसी. हे काढलं तर दस्तात उरणार काय? आमच्या आजीला ‘स्वामित्व’ कळलं नसतं. खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची पद्धत, १९४९ च्या कायद्याने गेली, पुढे कसणाऱ्या कुळांना मालक मानणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला, आणि नंतर आजोबांना कूळ कायद्यातलं ‘३२ म’चं, म्हणजे जमीन खरेदीचं, प्रमाणपत्र मिळालं. प्लास्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या कणगीमागे ठेवलेला तो कागद मी हातात घेतलाय, घड्यांवर फाटलेला. आजी एकच म्हणायची, "कूळ होतो, मालक झालो." त्या ‘मालक’ला मी परका शब्द मानणार नाही.

खाडीकाठ: छान लिहिलंत. नोटिशीत पुढे आहे की चुलतभावाची ‘बारा वर्षांची वहिवाट’ झाल्याने जमीन त्याचीच. हे काय?

जुना_दस्त: आधीच सांगायचंत! हा वाटेचा विषयच नाही, हा प्रतिकूल कब्जा. १९६३ च्या मुदत कायद्यात अनुच्छेद ६५ प्रमाणे खाजगी जमिनीला बारा वर्षं, सरकारी जमिनीला अनुच्छेद ११२ प्रमाणे तीस. पण नुसतं बारा वर्षं बसून राहणं पुरत नाही. ताबा मालकाच्या विरोधात, उघड आणि अखंड हवा. परवानगीने राहणारा राखणदार कितीही वर्षं राहिला तरी मालक होत नाही. आणि जमीन सामाईक असेल तर एका हिस्सेदाराचा ताबा सर्वांचाच धरतात. बाकीच्यांचा हक्क त्याने उघडपणे नाकारला आणि ते त्यांना ठाऊक होतं, एवढं दाखवल्याशिवाय त्याचं पारडं जड होत नाही. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी हे नीट समजून घ्यावं. आत्याला वाटपपत्र घेऊन वकिलाकडे पाठवा, उत्तराला उशीर नको.

शब्दनिष्ठ: ‘प्रतिकूल कब्जा’ हे भाषांतर मला खटकतं. ‘विरोधी वहिवाट’ का नाही?

तलाठी_सजा: ‘वहिवाट’ म्हटलं की निम्मे लोक वाटच समजतील, आत्यासारखे.

रतांबा: वहिवाट हा शब्द मुळात ‘वही’वरून आलाय, असं माझं मत. वहीत नोंद असलेली वाट.

चिरेबंदी: मला तो ‘वाहणे’ वाटतो. गुजरातीत वहीवट म्हणजे कारभार, तेही बघा. आणि ‘मिळकत’ मिळण्यावरून की ‘मिल्कियत’वरून, यावर तर मी कुणाशीही भांडेन.

रतांबा: ते राहू दे. आमच्याकडे जमीन एकाची आणि तिच्यातलं फणसाचं झाड दुसऱ्याचं, अशी पिढ्यान्‌पिढ्या वाटणी आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदही आहे. त्या झाडाच्या मालकाला तुमच्याकडे काय म्हणतात?

चिरेबंदी: झाडकरी ऐकलंय, पण फक्त आमच्या वाडीत. दापोलीकडचं कोणी आहे का?