मदत हवी आहे: आरसी लो-पास फिल्टरचं आउटपुट गणिताशी जुळत नाही

निफाडकर:
कांदाचाळीत तापमानासाठी १० के (किलोओहम) चा एनटीसी थर्मिस्टर (तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होणारा सेन्सर) आणि १० के चा रेझिस्टर, असा ५ व्होल्टवर डिव्हायडर (दोघं सिरीजमध्ये, व्होल्टेज विभागणारे) आहे. सेन्सरची वायर पंख्याच्या केबललगत गेल्यामुळे ५० हर्ट्झचा हम (विजेच्या लाइनचा नको असलेला सिग्नल) येतो. फिल्टरशिवाय मधल्या पॉइंटला स्कोपवर २०० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक. पुढे फिल्टर म्हणून १० के सिरीजमध्ये, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला. ५० हर्ट्झला कपॅसिटरचा रिॲक्टन्स (एसीला होणारा विरोध) ३१८३ ओहम, म्हणून आउटपुट २०० × ३१८३ ÷ १३१८३ = ४८ मिलिव्होल्ट काढलं. स्कोपवर ४२ दिसतं. फरक टॉलरन्सचा समजायचा का? अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डचं रीडिंग अजून आठ-नऊ काउंट (५ व्होल्टच्या १०२४ पायऱ्यांपैकी) हलतंय.

सातपूर_बेंच:
टॉलरन्सवर ढकलू नका, आधी सूत्र दुरुस्त करा. रेझिस्टर आणि कपॅसिटरवरच्या व्होल्टेजमध्ये ९० अंशांचा फेज असतो, त्यामुळे १०००० आणि ३१८३ यांची सरळ बेरीज होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखं करा: √(१००००² + ३१८३²) = १०४९४. आउटपुट २०० × ३१८३ ÷ १०४९४ = ६१ मिलिव्होल्ट.

निफाडकर:
सूत्राचं पटलं. पण मग ४२ पासून आणखी लांब गेलो की!

गंगापूररोड_ॲनालॉग:
सूत्र आता बरोबर आहे, ‘आर’ अपुरा आहे. फिल्टरला डिव्हायडरचा स्वतःचा रेझिस्टन्सही दिसतो. २५ अंशांना १० के आणि १० के समांतर, म्हणजे ५ के. २०० मिलिव्होल्ट तुम्ही फिल्टर जोडण्याआधी मोजलेत, त्यामुळे हे ५ के धरलेच पाहिजेत. एकूण आर १५ के. √(१५०००² + ३१८३²) = १५३३४, आणि आउटपुट ४१.५ मिलिव्होल्ट. स्कोप खरंच सांगतोय. आधी दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध गेल्या, म्हणून ४८ जवळचं वाटलं. असा योगायोग फार फसवा असतो.

कटऑफ (ज्या फ्रिक्वेन्सीच्या वर फिल्टर सिग्नल चांगलाच कमी करू लागतो) = १ ÷ (२ × पाय × आर × सी) = १०.६ हर्ट्झ. तोही स्थिर नाही. तुमच्या निफाडच्या थंडीत १० अंशांना थर्मिस्टर २० के च्या आसपास जातो (थर्मिस्टरचा बीटा स्थिरांक ३९५० धरून), कटऑफ ९.५ वर येतो. ४० अंशांना ११.८. तापमान मोजायला एवढ्यानं बिघडत नाही.

आता काउंट. ५ व्होल्ट ÷ १०२४ = ४.९ मिलिव्होल्ट, म्हणून ४२ मिलिव्होल्टला आठ-नऊ काउंट हलणारच. १ च्या जागी १० मायक्रोफॅरड लावा. कटऑफ १.०६ हर्ट्झ, हम साधारण ४.२ मिलिव्होल्ट, म्हणजे एका काउंटच्या आत. टाइम कॉन्स्टंट (आर × सी) ०.१५ सेकंद, रीडिंग पाऊण सेकंदात स्थिरावेल, चाळीतल्या हवेला तेवढं पुष्कळ झालं.

मात्र इलेक्ट्रोलिटिक टाळा. त्यातून १ मायक्रोॲम्प जरी लीक झाला तरी १५ के वर १५ मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे तीन काउंटची कायमची चूक, आणि ती तापमानाबरोबर सरकत राहते. एक्स७आर प्रकारचा सिरॅमिक २५ व्होल्ट रेटिंगचा घ्या. कमी व्होल्टचा छोटा सिरॅमिक ५ व्होल्टच्या आत असूनही बरीच कपॅसिटी गमावतो. कपॅसिटर उनोच्या ॲनालॉग पिनजवळच बसवा, वायरच्या लांबच्या टोकाला नको.

सातपूर_बेंच:
५ के माझ्याकडून सुटले, बरोबर आहे. कोडमध्येही २० मिलिसेकंदांत समान अंतरानं २० रीडिंग घेऊन सरासरी काढा. ५० हर्ट्झची एक पूर्ण सायकल त्यात येते, उरलेला हमही जवळजवळ निघून जातो. आणि ती वायर पंख्याच्या केबलपासून वेगळी ओढा.