शाळेतलं इंग्रजी : तुम्हाला ते कधी आपलं वाटलं? अनुभव लिहा

मुलगी दहावीत आहे. परवा ती इंग्रजीची कृतिपत्रिका सोडवत होती, मी शेजारी बसले होते, आणि माझी पाचवी डोळ्यासमोर आली. आमच्या वेळी मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं. म्हणजे एबीसीडी, चार रेघांची वही आणि घोकलेली स्पेलिंगं यातच पहिलं वर्ष गेलं. दहावीला मार्क छान पडले, पण तोवर स्वतःच्या मनातलं एक वाक्य इंग्रजीत बोलले नव्हते. याची चुटपुट अजून आहे. तुम्हाला कुणी शिकवलं, कसं शिकवलं, आणि कधी वाटलं की हो, आता हे आपल्याला कळतंय? माध्यम कुठलंही असो, सविस्तर लिहा.

मांडवीकाठ :
मी गोव्याची. आमच्याकडे चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा आणि पाचवीपासून हायस्कूल, ते थेट इंग्रजीतून. गणित, विज्ञान, इतिहास सगळंच. पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर फ्रॅक्शन लिहिलं आणि मी नुसती बघत राहिले. अपूर्णांक मला चांगले येत होते हो, चौथीत वर्गात पहिली आले होते, पण ते हेच हे कळायलाच कितीतरी दिवस गेले. मग मी गणिताच्या वहीत मागच्या पानापासून उलटं लिहायला सुरुवात केली, न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण, असं करत करत दिवाळीपर्यंत अकरा पानं भरली. माझ्यासारख्याच मराठी शाळेतून आलेल्या दोघी ती वही घरी न्यायच्या. तेव्हा मला मागच्या बाकावर बसवलं होतं. एकदा तरी कुणी मराठीत नाहीतर कोंकणीत विचारायला हवं होतं, मी धडाधड उत्तरं दिली असती. आज मी स्वतः पाचवीला शिकवते आणि जूनमध्ये पहिले पंधरा दिवस दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिते, कुणी काहीही म्हणो.

काळी_माती :
मी दहावीला इंग्रजीत गेलो होतो. मार्चला गेलो, ऑक्टोबरला निघालो. गाइडमधले निबंध पाठ, पॅसिव्ह व्हॉइसचा नियमही पाठ, कर्म आधी घ्या मग टू बीचं रूप मग क्रियापदाचं तिसरं रूप. शंभर वाक्यं बदलली असतील, पण असं बोलायची वेळ माणसावर येते कधी हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बारावीनंतर शेतात फवारणी चालू होती, वडिलांनी औषधाची बाटली हातात दिली, बघ रे किती पाण्यात टाकायचं. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलं होतं टू बी डायल्यूटेड, पुढे पाण्याचं माप. डायल्यूटेड मला माहीत नव्हतं पण टू बी आणि पुढचं ईडी बघून डोक्यात लख्ख उजेड पडला, अरे हे तेच की. कोण मिसळणार याला महत्त्वच नाही, औषधाचं काय करायचं तेवढंच सांगायचंय म्हणून ते असं लिहिलंय. बांधावर उभं राहून अख्खं लेबल वाचून काढलं. माझं व्याकरण त्या दिवशी सुरू झालं.

सोलापुरी_बाई :
बावीस वर्षं मराठी माध्यमात इंग्रजी शिकवतेय. २०१८ पासून दहावीच्या नव्या पुस्तकात पहिलीच कविता टागोरांची आहे, व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर. पोरं रसग्रहण पाठ करून टाकतात, कवीचं नाव, यमकाची रचना, एक अलंकार, मध्यवर्ती कल्पना, झालं. मार्क मिळतात पण कविता कोरीच राहते, आणि मला त्याचा त्रास होतो. एका वर्षी मी आधी सांगितलं की ही कविता मुळात बंगालीत आहे, टागोरांनी स्वतःच ती इंग्रजीत आणली, आता तुम्ही मराठीत आणा. वर्ग एकदम जागा झाला. नॅरो डोमेस्टिक वॉल्सपाशी सगळे अडले. डोमेस्टिक म्हणजे घरगुती, मग घरगुती भिंती म्हणजे काय? तेव्हा मागून एक मुलगा उठला, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, बाई, आमच्या वाड्यात चुलत्यांनी मधे भिंत घातली, आता आजीला तिकडं जायला रस्त्यावरून वळसा घालावा लागतो, तसली का? मला दोन मिनिटं बोलताच येईना. हीच म्हटलं बाळा, हीच.

थेम्सपार :
इथे इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षीच्या जीसीएसईला इंग्रजी भाषा आणि इंग्रजी साहित्य असे दोन वेगळे विषय असतात, ग्रेड ९ ते १. साहित्याच्या पेपरला पुस्तक जवळ ठेवता येत नाही, त्यामुळे अवतरणं पाठ करावीच लागतात, म्हणजे घोकंपट्टी इथेही आहेच. मुलाला मॅकबेथ होतं. मी आईकडून शिरवाडकरांचं राजमुकुट मागवून घेतलं, ते मॅकबेथवरूनच केलेलं आहे. तो सीन वाचायचा, मी मराठीतला प्रवेश मोठ्याने वाचायचे. त्याचं मराठी बोलण्यापुरतंच, पण हातावरचं रक्त धुवून जात नाही तो प्रवेश त्याने दोनदा वाचायला लावला. परीक्षेत त्याचा उपयोग झाला की नाही सांगता येणार नाही, त्या दोन महिन्यांत आम्ही रोज रात्री एकत्र वाचत बसलो हे मात्र खरं.

जुनी_पेन्सिल :
मी सत्तरी ओलांडलेला. आमच्या घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, वडील रोज रात्री दहा वाक्यं करून घ्यायचे, मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी. कंटाळा यायचा, पण शब्द तोलून वापरायची सवय तिथेच लागली. सोलापुरी बाई, त्या मुलाने मराठीत ओळ काय केली शेवटी? वाचायची फार इच्छा आहे.

सोलापुरी_बाई :
काका, त्याने लिहिलं होतं, “जिथं वाटणीच्या भिंतींनी जगाचे तुकडे पडले नाहीत.” वाटणी हा शब्द आधी खोडला होता आणि मग परत लिहिला होता.