अंडरबॉडी कोटिंग: फवारणीआधीचे काम
जुन्या गाडीला पावसाळ्यापूर्वी खालून काळे रबरी कोटिंग मारून घ्यावे, असा सल्ला नेहमी दिला जातो; त्यात थोडी भर घालतो. नवी मुंबईतील वाशी, ऐरोलीसारख्या खाडीलगतच्या भागांत खारट, दमट हवेमुळे गंज लवकर धरतो हे खरे. परंतु गंजलेल्या पत्र्यावरच फवारा मारला, तर थराखाली ओल कोंडते, गंज पत्रा आतून खात राहतो आणि वरून मात्र सारे गुळगुळीत दिसते. म्हणून आधी खालची बाजू धुऊन, पूर्ण वाळवून, सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून प्रायमर लावावा. सायलेन्सर, ब्रेक आणि दारांतली पाणी निचऱ्याची छिद्रे झाकून घेण्याचा आग्रह धरावा. घाईच्या कामात नेमकी ती छिद्रेच बुजतात. पोकळ भागांसाठी मेणयुक्त द्रव अधिक उपयोगी, कारण तो सांध्यांत झिरपतो. मात्र तो वरचेवर मारावा लागतो.