टीममध्ये सरळ दोन कंपू पडलेत. ट्रेनिंगने काही होईल का?

पाळीप्रमुख:
दोन विभाग एकत्र करून १४ जणांची टीम झाली आहे. आठ जण पन्नाशीच्या आसपासचे, एका भाषेचे, सगळे दुरुस्तीच्या कामावर. सहा जण विशी-तिशीतले, दुसऱ्या भाषेचे, त्यात चार मुली, सगळे नियोजनात. भांडण नाही, पण मीटिंगमध्ये ठरावीक तिघेच बोलतात आणि इकडची गोष्ट तिकडे दोन दिवसांनी पोचते. एचआर म्हणतं, वेगवेगळ्या लोकांनी एकत्र काम कसं करावं यावर एक दिवसाचं सक्तीचं ट्रेनिंग ठेवा. उपयोग होतो का? सोमवारपासून करता येईल असं काही सांगा.

आडवीरेघ:
तुम्हीच लिहिलंय बघा: वय, भाषा, काम आणि बरंचसं लिंगसुद्धा एकाच जागी दुभंगलंय. डोरा लाऊ आणि कीथ मर्निघन या संशोधकांनी १९९८ मध्ये याला फॉल्टलाइन, म्हणजे गट दुभंगणारी रेषा, म्हटलं. माणसं वेगवेगळी असणं हा प्रश्न नाही, सगळे फरक एकाच रेषेवर येणं हा आहे. वय आणि भाषा तुम्हाला बदलता येणार नाही. कामाची वाटणी येते, तिथेच हात घाला.

दुरुस्तीतला एक आणि नियोजनातला एक अशा तीनच जोड्या करा. सगळ्यांच्या एकदम केल्या तर रोजचं काम अडतं. प्रत्येक जोडीला एकट्याने न संपणारं काम द्या, उदा. पुढच्या महिन्याचं देखभालीचं वेळापत्रक. सहा-आठ आठवड्यांनी जोड्या बदला. नुसतं 'एकमेकांना ओळखा' म्हणून जोडी लावली की दोघं चहा पिऊन आपापल्या टेबलावर जातात.

हमखास बिघडतं ते इथे: ज्येष्ठ सांगतो आणि कनिष्ठ टाइप करतो. म्हणून कुठला निर्णय कोणाचा, हे आधी नावानिशी लिहा. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये गटांमधला दुरावा कमी होण्यासाठी चार अटी सांगितल्या होत्या: समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा. पहिली अटच सगळे विसरतात.

टिपणवही:
जोड्यांना +१. मीटिंगचं सांगतो. अजेंडा आदल्या दिवशी पाठवा आणि त्यात विषय नको, प्रश्न लिहा. 'वेळापत्रक' एवढंच लिहिलं तर कोणी तयारी करत नाही. 'रविवारची देखभाल शनिवारी घेतली तर काय अडेल?' याला उत्तर सुचतं. सुरुवातीला पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मग सर्वांत नव्या माणसापासून बोलायला सुरुवात. तुम्ही शेवटी. प्रमुखाने आधी मत दिलं की पुढे नुसत्या माना डोलतात.

मीटिंगची भाषा एक ठरवा, पण जेवताना कोणी काय बोलावं याचा नियम करू नका, त्याने कंपू पक्के होतात. सुरक्षेच्या सूचना मात्र दोन्ही भाषांत आणि चित्रांसह. शिवाय इतिवृत्त लिहिणं, निरोप-समारंभाची वर्गणी गोळा करणं ही कामं कोणाकडे जातात ते तपासा. बहुधा त्या चार मुलींकडेच. नावांच्या अकारविल्हे पाळ्या लावा.

कोरापान:
सर्वांत नव्यापासून बोलायला लावणं मला पटत नाही. दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्याला सगळ्यांदेखत पहिलं उभं करणं म्हणजे तोंडी परीक्षाच. लिहिलेले कागद गोळा करून नाव न घेता वाचा, मग चर्चा. महिन्याभरात बोलण्याची भीड बरीच चेपते.

ट्रेनिंगबद्दल: फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शेकडो कंपन्यांची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली. अशा सक्तीच्या ट्रेनिंगनंतर पाच वर्षांनीही व्यवस्थापक पदांवर गोऱ्या स्त्रियांचं आणि कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलेलं नव्हतं, कृष्णवर्णीय स्त्रियांचं तर घटलं होतं. ऐच्छिक ट्रेनिंग आणि मेंटॉरिंग (अनुभवी माणसाने नव्याला मार्गदर्शन करणं) यांचे निकाल बरे होते. एचआरला एवढंच सांगा: सक्ती नको, आणि तो दिवस जोड्यांच्या कामाला द्या.

मूल्यमापनाकडेही बघा. निकष नावं पाहण्याआधी ठरवा. १ ते ५ गुण असतील तर २ म्हणजे काय आणि ४ म्हणजे काय, ते कामाच्या उदाहरणासह लिहा. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, बोलायचं नंतर. 'टीममध्ये मिसळत नाही' असा शेरा प्रसंग न लिहिता आला तर परत पाठवा. तो शेरा अनेकदा भाषेवर असतो, कामावर नाही.

पाळीप्रमुख:
तीन जोड्या करतो. फरक पडतोय हे कशावरून ओळखायचं?

आडवीरेघ:
'कसं वाटतंय' विचारू नका, सगळे छान म्हणतील. दोन गोष्टी आत्ताच मोजून ठेवा: मीटिंगमध्ये किती जण बोलले, आणि बिघाडाची खबर नियोजनापर्यंत किती तासांनी गेली. दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. खबर लवकर जायला लागली पण बोलणारे तेच तिघे राहिले, तर जोड्या चालू ठेवा आणि मीटिंगची पद्धत बदला.

टिपणवही:
एक राहिलं. कोणी छळाची किंवा अश्लील शेऱ्याची तक्रार केली तर ती या सगळ्यात मिसळू नका. दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' म्हणायचं नाही. तक्रार थेट ठरलेल्या समितीकडे, त्याच दिवशी, लेखी.